विश्वासात घेणं आणि विश्वास बसणं

'स्थानिकांना विश्वासात घेऊनच प्रकल्प राबवला जाईल.' हे वाक्य वर्तमानपत्रात वाचलं नाही असा मराठी वाचक सापडणं कठीण आहे. बंदर असो, खाण असो, औष्णिक वीज प्रकल्प असो की रिफायनरी, हे वाक्य ठरलेलं असतं. मंत्री ते बोलतात, जिल्हाधिकारी बोलतात, कंपनीचे जनसंपर्क अधिकारी बोलतात. गंमत म्हणजे विरोध करणारेही तीच भाषा वापरतात: 'आम्हाला विश्वासात घेतलं नाही.' म्हणजे निदान एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत आहे. कुणीतरी कुणालातरी विश्वासात घ्यायला हवं.

पण या शब्दप्रयोगात एक बाजू आधीच ठरलेली आहे, ती सहसा आपल्या लक्षात येत नाही. विश्वासात घेणारा नेहमी वरचा असतो. बेत त्याच्याकडे तयार असतो, माहिती त्याच्याकडे असते, आणि तो ती उदारपणे दुसऱ्याला सांगतो. साहेब कर्मचाऱ्यांना विश्वासात घेतो, सरकार विरोधी पक्षाला विश्वासात घेतं, कंपनी गावाला विश्वासात घेते. 'मी कंपनीला विश्वासात घेतलं' असं म्हणणारा शेतकरी मी तरी ऐकलेला नाही.

याउलट विश्वास 'बसतो'. तो आपण ठरवून बसवत नाही, दुसऱ्यालाही तो आपल्या मनात बसवता येत नाही. दुधाचं दही लागावं तसा तो हळूहळू बसतो आणि उडतो मात्र एका क्षणात. विश्वासात घेण्याचं काम एका दुपारी, एका मंडपात, चहा-बिस्किटांसह उरकता येतं. विश्वास बसायला वर्षं जातात. मग प्रश्न असा की, पहिल्यातून दुसरं कधी निघतं का? एखाद्या कंपनीनं तिच्या निर्णयाची झळ ज्यांना बसणार आहे त्यांच्याशी संवाद साधला, तर त्यातून विश्वास तयार होतो का? होत असेल, तर कोणत्या संवादातून?

हा प्रश्न व्यवस्थापनशास्त्राचा वाटतो. पण मुळात तो नैतिक प्रश्न आहे, कारण दोन असमान माणसांमधलं बोलणं कधी प्रामाणिक असतं, हेच त्यात विचारलेलं आहे.

*

'स्टेकहोल्डर' या शब्दाचं मराठीत आपण जे केलं आहे, तेही पाहण्यासारखं आहे. अनेक सरकारी कागदांत आणि बातम्यांत त्यासाठी 'भागधारक' हा शब्द सर्रास वापरला जातो. पण भागधारक म्हणजे शेअरहोल्डर. ज्या दोन गटांमधला फरक दाखवण्यासाठी हा इंग्रजी शब्द रुळला, त्याच दोघांना आपण एका नावानं हाक मारतो. 'हितसंबंधी' म्हणावं तर मराठीत त्या शब्दाला डाग आहे. 'त्यांचे हितसंबंध गुंतलेत' हे आपण कौतुकानं म्हणत नाही. अलीकडे हिंदीतून 'हितधारक' आला आहे, तो निरुपद्रवी आहे आणि निर्जीवही.

कंपनीची सामाजिक जबाबदारी म्हणजे कायद्याच्या आणि रीतीरिवाजांच्या चौकटीत नफा वाढवणं, अशी मांडणी मिल्टन फ्रीडमन यांनी १९७० साली केली होती. व्यवस्थापक हा मालकांचा नोकर, त्यानं दुसऱ्याच्या पैशानं परोपकार करू नये, असा तो युक्तिवाद. १९८४ साली एडवर्ड फ्रीमन यांनी व्यूहरचनेवरच्या आपल्या पुस्तकात वेगळी बाजू मांडली. कंपनीच्या उद्दिष्टांचा ज्यांच्यावर परिणाम होतो, किंवा ज्यांचा त्या उद्दिष्टांवर परिणाम होऊ शकतो, ते सगळे स्टेकहोल्डर. कामगार, ग्राहक, पुरवठादार, शेजारी, सगळे त्यात आले.

फ्रीमन यांची व्याख्या उदार आहे, पण ती सगळ्यांना एका रांगेत उभं करते. इथे 'स्टेक' या शब्दाचा जुना अर्थ उपयोगी पडतो: पणाला लावलेली वस्तू. कुणाचं काय पणाला लागलं आहे, हे विचारलं की रांग मोडते. शेअर विकत घेणाऱ्याचे पैसे पणाला लागलेले असतात, ते त्यानं स्वतः लावलेले असतात, आणि तो ते उद्या सकाळी बाजार उघडल्यावर काढूनही घेऊ शकतो. ग्राहक दुसऱ्या दुकानात जाऊ शकतो. कामगाराला ते बरंच अवघड जातं. आणि ज्याच्या विहिरीशेजारी राखेचा तलाव येणार आहे, त्याचं पाणी, शेत, घर आणि मुलांची फुप्फुसं पणाला लागलेली असतात. ती त्यानं लावलेली नसतात आणि त्याला ती काढूनही घेता येत नाहीत.

तत्त्वज्ञ ॲनेट बायर यांनी १९८६ साली विश्वासावर लिहिलेल्या निबंधात एक साधी गोष्ट स्पष्ट केली. विश्वास ठेवणं म्हणजे दुसरा आपल्याला इजा करू शकतो हे मान्य करून, तो ती करणार नाही अशा भरवशावर राहणं. आपल्याला जे जिवापाड प्रिय आहे ते आपण दुसऱ्याच्या आवाक्यात ठेवतो. हे मान्य केलं तर कंपनी आणि गाव यांच्यातला विश्वास मुळातच लंगडा आहे. गावाचं सगळं कंपनीच्या आवाक्यात असतं, पण कंपनीचं गावाच्या आवाक्यात काय असतं? काही दिवसांचं थांबलेलं काम, थोडी बदनामी. संवादाचा विचार इथून सुरू करायला हवा, कारण ही विषमता जोवर जशीच्या तशी आहे तोवर कितीही गोड बोललं तरी ते वरून खाली बोललेलंच राहतं.

*

या बाबतीत महाराष्ट्राकडे शंभर वर्षांपूर्वीचं एक उदाहरण आहे. पुण्याच्या पश्चिमेला मुळशी खोऱ्यात, नीला आणि मुळा नद्यांच्या संगमाजवळ, टाटांच्या वीज कंपनीनं धरण बांधायचं ठरवलं. मुंबईच्या गिरण्यांना आणि रेल्वेला वीज हवी होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट हे त्याचे पुढारी. बापटांना 'सेनापती' ही पदवी याच लढ्यानं दिली. 'जान किंवा जमीन' ही घोषणा होती. काम महिनाभर थांबलं. नंतर वाटाघाटी झाल्या, मोबदल्याचं बोलणं झालं, पुन्हा सत्याग्रह झाला, तुरुंगवास झाले. १९२४ पर्यंत लढा संपला. धरण झालं, भिऱ्याला वीजघर झालं, मुंबईला वीज मिळाली.

राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहाचा जो अभ्यास केला, त्यातला एक धागा आपल्या प्रश्नाला थेट भिडतो. मुळशीत 'गाव' नावाची एकसंध वस्तू नव्हती. जमिनींचे मालक म्हणून ज्यांची नावं होती, त्यांतले अनेक पुण्यातले सावकार होते. कर्जापायी जमिनी त्यांच्याकडे आलेल्या. कसणारा मावळा वेगळा. सावकाराला जमीन म्हणजे किंमत, ती चांगली मिळाली की त्याचं काम झालं. मावळ्याला जमीन म्हणजे जगणं, आणि त्याला किंमत लावता येत नव्हती. मोबदल्याच्या वाटाघाटींना अर्थ होता तो पहिल्यासाठी. दुसऱ्याचं म्हणणं 'धरण नको' एवढंच होतं, आणि त्या म्हणण्याला बसायला वाटाघाटीच्या टेबलावर खुर्चीच नव्हती.

यातून संवादाबद्दलच्या दोन गोष्टी कळतात. पहिली, 'आम्ही लोकांशी बोललो' या वाक्यातले 'लोक' कोण, हे सहसा बोलणाराच ठरवतो आणि ज्यांच्याशी तडजोड सोपी आहे त्यांच्याशी बोलतो. दुसरी अधिक महत्त्वाची. संवाद किंमतीवर होता, धरणावर नव्हता. निर्णय आधी झालेला होता. निर्णयानंतरच्या बोलण्याला आपण वाटाघाट म्हणू शकतो, सांत्वन म्हणू शकतो, पण संवाद म्हणणं अवघड आहे. घरातसुद्धा मुलीचं लग्न ठरवून झाल्यावर 'तुला काय वाटतं?' असं विचारणाऱ्या बापाबद्दल आपण काय म्हणतो?

*

यावर कुणी म्हणेल, तो काळ इंग्रजांचा होता, कायदा १८९४ चा भूसंपादनाचा होता. आता जनसुनावणी आहे, पर्यावरणीय आघाताचा अहवाल आहे, करारमदार आहेत. प्रक्रिया नीट पाळली की विश्वास येईल.

प्रक्रिया नीट असूनही काय होतं याचं अलीकडचं उदाहरण पश्चिम ऑस्ट्रेलियातलं आहे. पिलबारा भागात जूकन नावाच्या घळीत दगडी गुहा होत्या. त्यांत सुमारे ४६ हजार वर्षांपासून माणसांचा वावर होता. २०१४ च्या उत्खननात तिथे हजारो वस्तू मिळाल्या. त्यांत चार हजार वर्षांपूर्वीची, माणसाच्या केसांची विणलेली एक पट्टी होती. त्या केसांच्या जनुकीय तपासणीतून आज तिथे राहणाऱ्या पुटू कुंटी कुर्रामा आणि पिनिकुरा या आदिवासींशी थेट नातं दिसलं. म्हणजे ही जागा त्यांच्या पूर्वजांची होती हे श्रद्धेनं सांगायचीही गरज उरली नाही. २४ मे २०२० रोजी रिओ टिंटो या कंपनीनं लोहखनिजासाठी त्या गुहा सुरुंग लावून उडवल्या.

हे बेकायदेशीर नव्हतं. १९७२ च्या राज्य कायद्याखाली २०१३ मध्ये परवानगी मिळालेली होती. आदिवासींशी करार होता, बैठका झालेल्या होत्या, पुरातत्त्वज्ञांचे अहवाल होते. स्थानिक समुदायांशी संबंधांच्या बाबतीत या कंपनीचं नाव खाण उद्योगात आदरानं घेतलं जात असे. संवादाची सगळी कागदपत्रं जागेवर होती.

मग संसदीय चौकशी झाली आणि तपशील बाहेर आले. खाणीचा विस्तार करण्याचे चार पर्याय कंपनीपुढे होते. त्यांतल्या तीन पर्यायांत गुहांना धक्का लागत नव्हता. चौथ्यात जास्त खनिज मिळत होतं. आदिवासींपुढे ठेवला गेला तो फक्त चौथा. शिवाय करारातल्या अटींमुळे त्यांना उघडपणे विरोध करण्याची मोकळीक नव्हती. सुरुंग भरले जात आहेत हे त्यांना कळलं तेही त्यांनीच जुलैतल्या एका सोहळ्यासाठी त्या जागी जाण्याची परवानगी मागितली तेव्हा. तोवर स्फोटकं सुरक्षितपणे काढता येणार नाहीत असं सांगण्यात आलं. सुरुवातीला कंपनीनं गैरसमज झाल्याची भाषा केली. नंतर आधी वरिष्ठांचे बोनस कापले, आणि गुंतवणूकदारांमधूनच ओरड झाल्यावर सप्टेंबर २०२० मध्ये मुख्य कार्यकारी अधिकारी आणि आणखी दोन वरिष्ठ अधिकारी पायउतार होणार असल्याचं जाहीर झालं.

या प्रकरणात खोटं कुणी बोललं का? कदाचित नाही. जे सांगितलं ते खरंच होतं. पण एखाद्याचा होकार घेताना त्याला उपलब्ध असलेले पर्याय त्याच्यापासून झाकून ठेवले, तर त्या होकाराचं वजन किती? डॉक्टरनं चार उपचारांपैकी फक्त शस्त्रक्रियेचा सांगून सही घेतली, तर कागद कायदेशीर असेल, पण आपण पुन्हा त्या डॉक्टरकडे जाणार नाही. विश्वास मोडायला खोटं बोलावंच लागतं असं नाही. आपल्याला माहीत असलेलं, समोरच्याच्या निर्णयाला आवश्यक असलेलं, सांगितलं नाही तरी पुरतं.

*

आता आपल्याकडच्या जनसुनावणीकडे याच नजरेनं पाहू. १९९७ च्या दुरुस्तीनं ती सक्तीची झाली, आणि २००६ च्या अधिसूचनेनं तिचा सध्याचा साचा ठरला. तीस दिवसांची सूचना, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत, जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी अध्यक्षस्थानी, संपूर्ण कार्यक्रमाचं चित्रीकरण. कागदावर हे वाईट नाही. पण सुनावणीला गणपूर्तीची अट नाही. मराठीत सारांश मिळतो, पण शेकडो पानांचा पूर्ण अहवाल वाचून कोकणातल्या मच्छीमारानं आपल्या माशांच्या विणीच्या काळाबद्दलची चूक शोधावी, तर तो सहसा इंग्रजीत असतो. अहवाल बनवणाऱ्या सल्लागाराचे पैसे प्रकल्पवालाच देतो. आणि सुनावणी घेणाऱ्यांना निर्णयाचा अधिकार नसतो, ते फक्त म्हणणं नोंदवून वर पाठवतात.

म्हणजे लोक बोलतात, कॅमेरा ते टिपतो, आणि समोर बसलेल्यांपैकी कुणीही 'बरं, मग आपण हे बदलू' असं म्हणू शकत नाही. अशा सभेत आरडाओरडा होतो, खुर्च्या फेकल्या जातात, बहिष्कार पडतो, आणि दुसऱ्या दिवशी शहरातली माणसं गावकऱ्यांच्या असमंजसपणाबद्दल बोलतात. पण ज्या बोलण्यानं काहीच हलणार नाही तिथे शांतपणे बोलत राहणं, यात समंजसपणा तो कोणता?

इथे मला मूळ मुद्दा दिसतो. ज्या संवादात 'नाही' म्हणण्याला जागा नाही, त्या संवादातल्या 'हो'लाही किंमत नसते. मित्रानं मागितलेले उसने पैसे मी नाकारू शकतो, म्हणून मी दिलेल्या पैशांना अर्थ आहे. पिस्तूल रोखून मागितलेल्या पैशांना 'देणं' म्हणत नाहीत. 'नाही' ची शक्यता हीच विश्वासाची पहिली अट आहे, कारण तेवढ्यापुरती का होईना, ती मघाची विषमता कमी करते. कंपनीचंही काहीतरी गावाच्या आवाक्यात येतं.

ही शक्यता भारतात एकदा अगदी ठसठशीतपणे समोर आली. ओडिशातल्या नियमगिरीच्या डोंगरावर बॉक्साइट होतं, पायथ्याशी लांजीगढला वेदांत कंपनीचा ॲल्युमिना शुद्धीकरण कारखाना होता. खाणीच्या परवानगीचा निकाल लागायच्या आधीच तो उभा राहिला होता. कारखाना उभा असताना डोंगराबद्दल काय विचारणार? त्याचं उत्तर यंत्रांच्या रूपात पायथ्याशी उभंच होतं. पण १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं २००६ च्या वनहक्क कायद्याच्या आधारे ठरवलं की, डोंगरिया कोंध आदिवासींचे धार्मिक-सांस्कृतिक हक्क बाधित होतात का, हे ग्रामसभांनीच ठरवावं. राज्य सरकारनं बारा गावं निवडली. शंभराहून अधिक वस्त्यांमधून बाराच का, अशी टीका तेव्हा झाली. जुलै-ऑगस्टमध्ये न्यायाधीशाच्या उपस्थितीत सभा झाल्या. बाराच्या बारा ग्रामसभांनी 'नाही' म्हटलं.

आणि ते 'नाही' मोजलं गेलं. त्या डोंगरावर तेव्हा खाण झाली नाही.

*

इथे एक प्रामाणिक आक्षेप ऐकायला हवा, आणि तो मला हलका वाटत नाही. प्रत्येक गावाला नकाराधिकार दिला तर काहीच उभं राहणार नाही. रस्ता कुणाच्या तरी शेतातूनच जाणार. मुळशीच्या मावळ्यांचं 'नाही' मानलं असतं तर मुंबईच्या गिरणीतल्या कामगाराच्या रोजगाराचं काय, तोही गरीबच होता. आज सौर प्रकल्प हवेत, पवनचक्क्या हव्यात, त्यांनाही जमीन लागते. शिवाय कंपनीचे संचालक हे भागधारकांच्या पैशांचे विश्वस्त आहेत. त्यांनी दुसऱ्या कुणाच्या 'नाही' पुढे मान तुकवावी, हा अधिकार त्यांना कुणी दिला?

या आक्षेपातला खरा भाग मान्य करायला हवा. सार्वजनिक हितासाठी कधीकधी व्यक्तीचं 'नाही' ओलांडावं लागतं, आणि तो निर्णय लोकशाहीनं, कायद्यानं घ्यायचा असतो. पण मग तो निर्णय सरकारनं सरकार म्हणून घ्यावा, त्याची जबाबदारी घ्यावी, निवडणुकीत त्याचा जाब द्यावा. त्याला 'विश्वासात घेणं' म्हणू नये. सक्तीची कधीकधी गरज पडते. सक्तीला संमतीचे कपडे घालण्याची गरज मात्र कधीच पडत नाही. ज्याची जमीन सक्तीनं घेतली त्याला निदान 'तुमच्यावर अन्याय होतो आहे, तो आम्ही जाणूनबुजून करत आहोत, आणि त्याची ही भरपाई' असं ऐकण्याचा हक्क आहे. 'तुम्ही तर हो म्हणाला होतात' हे ऐकवणं हा त्याच्यावरचा दुसरा अन्याय आहे.

दुसरं असं की, 'हो' आणि 'नाही' यांच्यामध्ये बरीच जागा असते. जूकन घळीत खाणीला सरसकट विरोध नव्हताच, चारपैकी तीन पर्याय गुहा वाचवत होते. पूर्ण नकाराधिकार देता येत नसेल तिथेही जागा बदलता येते, वेळ बदलता येते, आकार बदलता येतो, देखरेखीचा अधिकार देता येतो. प्रश्न एवढाच की, बोलण्यामुळे काही बदलण्याची तयारी आधीपासून आहे का? आणि संचालकांच्या कर्तव्याबद्दल म्हणाल, तर आपल्या २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १६६ संचालकांनी कर्मचारी, समाज आणि पर्यावरण यांच्या हिताचाही विचार करावा असं सांगतं. कायद्यानं फ्रीडमन यांची चौकट आपल्याकडे आधीच रुंद केलेली आहे.

*

बदलण्याची तयारी ठेवून बोललं तर काय होतं? १९९५ साली शेल कंपनीला उत्तर समुद्रातली 'ब्रेंट स्पार' ही तेल साठवणारी निकामी टाकी खोल समुद्रात बुडवायची होती. ब्रिटिश सरकारची परवानगी होती, शास्त्रीय अहवाल होते. ग्रीनपीसच्या कार्यकर्त्यांनी टाकीचा ताबा घेतला. जर्मनीत लोकांनी शेलच्या पेट्रोलपंपांवर बहिष्कार टाकला. २० जूनला कंपनीनं माघार घेतली. त्यानंतर ग्रीनपीसनं टाकीत उरलेल्या तेलाचा आपला अंदाज फार चुकीचा होता हे मान्य करून माफी मागितली. म्हणजे लोकांचा विश्वास ज्यांच्यावर होता त्यांचा आकडा चुकला होता, आणि ज्यांच्यावर नव्हता त्यांचा बरोबरीच्या जवळ होता!

खरं तर इथे कंपनीला 'बघा, आम्हीच बरोबर होतो' म्हणून मूळ बेतावर परतता आलं असतं. तिनं तसं केलं नाही. टाकी नॉर्वेच्या एका खाडीत नांगरून ठेवली, जगभरातून पर्याय मागवले, आणि त्रयस्थ संस्थेच्या मध्यस्थीनं युरोपातल्या वेगवेगळ्या शहरांत विरोधकांसह चर्चासत्रं घेतली. पर्याय, खर्च, धोके टेबलावर मांडले. जानेवारी १९९८ मध्ये ठरलं की टाकीचे तुकडे करून नॉर्वेतल्या मेक्यार्विक इथे बंदराच्या धक्क्याच्या बांधकामात वापरायचे. तसं झालंही.

इथे बाकी उदाहरणांत नसलेल्या तीन गोष्टी होत्या. निर्णय खरोखर खुला होता. पर्याय सगळ्यांपुढे होते. आणि समोरच्या बाजूकडे ताकद होती: जर्मन ग्राहक दुसऱ्या पंपावर जाऊ शकत होता. तिसरी गोष्ट अस्वस्थ करणारी आहे. कारण त्याच वर्षी, १० नोव्हेंबर १९९५ रोजी, नायजेरियातल्या लष्करी राजवटीनं केन सारो-विवा आणि त्यांच्या आठ सहकाऱ्यांना फाशी दिली. ओगोनी लोकांच्या प्रदेशातल्या तेलप्रदूषणाविरुद्ध, म्हणजे मुख्यतः शेलविरुद्ध, ते लढत होते. या दडपशाहीत सहभाग असल्याचा आरोप कंपनीनं नाकारला, आणि २००९ मध्ये वारसांच्या दाव्यात जबाबदारी मान्य न करता १ कोटी ५५ लाख डॉलरची तडजोड केली. ओगोनी शेतकरी दुसऱ्या पंपावर जाऊ शकत नव्हता.

कंपनी तीच, काळ तोच. म्हणून 'ही कंपनी विश्वासार्ह आहे का?' हा प्रश्नच अपुरा आहे. कुणासाठी विश्वासार्ह? ज्यांच्याकडे दुखावण्याची ताकद आहे त्यांच्याशी चांगलं वागणं म्हणजे शहाणपण. ज्यांच्याकडे ती नाही त्यांच्याशी कंपनी कशी वागते, यावरून तिच्या नीतीची पारख होते.

*

ओनोरा ओनील यांनी २००२ च्या रीथ व्याख्यानांत एक भेद केला, तो मला फार उपयोगी वाटतो. 'लोकांचा विश्वास वाढवायला हवा' हे ध्येयच चुकीचं आहे, असं त्यांचं म्हणणं. लबाडावर विश्वास वाढला तर ते काही चांगलं नाही. ध्येय असावं विश्वासपात्र होणं, आणि आपण विश्वासपात्र आहोत की नाही हे दुसऱ्याला तपासता येईल अशी सोय करणं. विश्वास ठेवायचा की नाही हे त्याचं तो ठरवेल.

या दृष्टीनं पाहिलं तर गावकऱ्याचा अविश्वास ही दूर करायची अडचण राहत नाही. आपल्याकडे 'विश्वास पानिपतात गेला' असं हसत म्हणण्याची पद्धत आहे. त्या विनोदात अनुभवाचं शहाणपण आहे. ज्याला तीनदा फसवलं गेलं आहे त्यानं चौथ्यांदा संशय घेणं हे त्याचं बुद्धिमान वागणं आहे. कंपनीनं त्या संशयावर जनसंपर्काचं औषध शोधू नये, त्याला उत्तर द्यावं.

पण उत्तराऐवजी आपण बऱ्याचदा देणगी देतो. १ एप्रिल २०१४ पासून ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्चावी लागते. त्यातून शाळांना बाकं मिळाली, दवाखाने झाले, आणि ते चांगलंच झालं. मात्र विहिरीच्या पाण्याचं काय, असं विचारणाऱ्या गावाला रुग्णवाहिका भेट दिली, तर तो संवाद झाला नाही. देणगीला 'धन्यवाद' म्हणायचं असतं, आणि धन्यवाद म्हटल्यावर प्रश्न विचारणं माणसाला अवघड जातं.

आणि उत्तर कुणी द्यायचं? गावात येऊन गोड बोलणारा अधिकारी दोन वर्षांनी बदलून जातो. नवा येतो आणि म्हणतो, ते आधीच्या साहेबांनी सांगितलं असेल, माझ्याकडे तशी नोंद नाही. माणूस म्हणून तो खोटं बोलत नसेल. पण कायद्यानं कंपनी ही स्वतंत्र व्यक्ती आहे, आणि तिला कायमचं आयुष्य दिलेलं आहे. संचालक मरतात, भागधारक बदलतात, कंपनी राहते. तिची येणी राहतात, मालमत्ता राहते, करार राहतात. मग शब्द का राहू नयेत? जिला मरण नाही तिला विसरण्याचीही सवलत असता कामा नये. गावाला तीन पिढ्यांपूर्वीचं वचन आठवतं. ज्या संस्थेकडे दप्तर आहे, संगणक आहेत, वकील आहेत, तिला ते आठवत नाही, यावर गावानं विश्वास तरी कसा ठेवायचा?

*

या सगळ्यात आपण, म्हणजे शहरात बसून हे वाचणारे, कुठे आहोत? आपण स्वतःला प्रेक्षक समजतो, पण मुळशीची वीज ज्या दिशेला गेली त्या दिशेला आपण राहतो. आपला भविष्यनिर्वाह निधी, आपले म्युच्युअल फंडाचे हप्ते अशाच कंपन्यांमध्ये गुंतलेले आहेत. जूकन घळीनंतर बोनसकपातीवर प्रकरण मिटत नाही असं ज्या गुंतवणूकदारांनी सुनावलं, त्यांत कामगारांच्या निवृत्तिवेतनाचे पैसे सांभाळणारे ऑस्ट्रेलियन फंडही होते. आपल्याकडे सेबीनं २०२२-२३ पासून बाजारमूल्यानं पहिल्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना 'व्यवसाय जबाबदारी व शाश्वतता अहवाल' सक्तीचा केला आहे. स्टेकहोल्डरांशी काय बोलणं झालं, हे त्यात लिहावं लागतं. तो अहवाल कुणालाही वाचता येतो.

तो वाचताना, किंवा 'स्थानिकांना विश्वासात घेतलं आहे' ही बातमी पुढच्या वेळी वाचताना, किती बैठका झाल्या, किती लोक आले, किती चहा प्यायला गेला, हे मोजायचं कारण नाही. एकच गोष्ट विचारावी: या बोलण्यामुळे तुमच्या मूळ बेतात काय बदललं? उत्तर 'काहीच नाही' असेल, तर तिथे फक्त घोषणा झाली होती. आणि काही बदललं असेल, एखादी भिंत शंभर मीटर मागे सरकली असेल, एखादी विहीर वाचली असेल, एखादा पर्याय लोकांच्या सांगण्यावरून सोडून दिला असेल, तर तिथे विश्वास बसायला एक जागा तयार झाली आहे. तो बसेलच असं नाही. ते ठरवण्याचा अधिकार ज्यांचं सगळं पणाला लागलं आहे त्यांचा.